आमचं मिग उडवायचं कुठे?

संपादक महोदय,
सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान रिटायर झालं तेव्हा सगळे हळहळले, मी मात्र तेव्हा मुलुंडच्या घरात गॅलरीत बसून त्याचंच रिमोटवालं मॉडेल घासत होतो. एक पंचमांश स्केल, म्हणजे खऱ्याचे पंख ७.१५ मीटर तर माझे जेमतेम १.४३, बाल्सा या हलक्या लाकडाचं आणि प्लायवूडचं, दीड वर्ष गेलं (बायकोच्या मते तीन). पण उडवायचं कुठे? मुंबईत पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात त्यात ड्रोनबरोबर रिमोटची विमानंही येतात, सुरक्षेचं कारण पटतं हो, एअरपोर्टही शहराच्या मधोमध आहे. पण २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतची, नजरेच्या टप्प्यात हौसेने उडवायची मॉडेल्स हा वेगळा प्रकार मानलाय ना? मग शहराबाहेर एखादी धावपट्टी रविवारपुरती तरी द्या. डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंखाचं विमान वेगातच उतरतं, त्याला लांब सपाट जागा लागते, क्रिकेटच्या मैदानात नाही जमत. गेल्या महिन्यात बदलापूरच्या पुढे शेताडीत ट्राय केलं, बांधाला धडकून नाक तुटलं आणि परत येताना लोकलच्या लगेज डब्यात सगळे विचारतात, काका हा मासा कुठला?
– एक वाचक, मुलुंड