‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढ्यानं भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पानावरचे वजनाविषयीचे बहुतेक लेख ‘मनाचा निश्चय करा’ इथं येऊन थांबतात. त्याबद्दल हे पत्र.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी २६ वर्षं दिवाणजी आहे. हंगामात आधी सौदे, मग वजनं, मग शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतात. दुपारचा डबा कधी चारला उघडायचा, कधी तसाच परत. गेल्या मार्चमध्ये माझं वजन ८६ किलो भरलं, कंबर १०१ सेंटिमीटर. दवाखान्यात चार माणसांदेखत ऐकून घ्यावं लागलं, “जिभेवर ताबाच नाही तुमचा.” फार लागलं ते. तंबाखूला कधी हात लावला नाही, एकादशी मोडली नाही, हिशोबात पै चुकू दिली नाही. मग माझा ताबा सुटतो तो नेमका कुठं?

सुटत होता रात्री, भडंगाच्या स्टीलच्या डब्यापाशी. पहिली मूठ चवीनं खायची, तळलेला लसूण दाताखाली येतो ती. नंतर हात आपोआप जायचा. बोटं तळाला लागून तिखट नखांत शिरलं की भानावर यायचं. पोट कधीच भरलेलं असायचं. एकादशीला डबा तिथंच असतो, पण हात जात नाही. कारण त्या दिवशीचं सकाळीच ठरलेलं असतं, दर मुठीला मनाशी झगडावं लागत नाही.

मुलीनं यावरचं संशोधन मला समजावून सांगितलं. मोहाला आवर घालण्याचं काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. कॅनडात मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली, रोज १२०० कॅलरींच्या आहारावर असलेल्या लोकांच्या मेंदूचं स्कॅन केलं. ज्यांचा हा भाग जास्त काम करत होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण खाणं कमी केलं की शरीर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढवतं, म्हणजे आवर घालणाऱ्याचं काम आणखी अवघड होतं. आणि जागरण? कॅलिफोर्नियातल्या २०१३च्या अभ्यासात एका रात्रीच्या जागरणानंतर खाण्याची निवड करताना मेंदूचा पुढचा भाग मंदावलेला दिसला आणि जास्त कॅलरीच्या पदार्थांची ओढ वाढली. हे ऐकताना मला माझाच मार्च महिना आठवत होता. दिवसभर उपाशी, रात्री पाच तास झोप, आणि समोर डबा.

मालकांशी बोलून दीड वाजता जेवायला सुरुवात केली. पट्ट्या अर्धा तास थांबतात, कुणाचं काही अडत नाही. सौ.नं डबा माळ्यावर ठेवला. भडंग खातो, पण वाटीत काढून घेतो. साडेदहाला अंथरूण. आठ महिन्यांत दुकानातल्याच काट्यावर ८० किलो भरलो. हंगामात हे टिकेल का, याची धास्ती मात्र आहे.

त्या दवाखान्यात मला कुणी विचारलं नाही की जेवता किती वाजता, झोपता किती तास. आपल्या पानावर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तरी हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आणि यार्डातल्या अडत्यांना, व्यापाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, फेब्रुवारीत हळद येऊ लागेल तेव्हा दुपारी दीड ते दोन सौदे थांबवा. हमाल, तोलाईवाले, आम्ही दिवाणजी, सगळे वेळेवर दोन घास खाऊ.

आपला नम्र,
एक दिवाणजी, सांगली