अण्णा, बारक्याचं खरं सांगतो

किचनर, ओन्टारिओ
8 फेब्रुवारी

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार. आईलाही नमस्कार सांगा.

भडंगाचं पार्सल पोचलं आणि तीन दिवसांत संपलंसुद्धा, निम्मं तर बारक्यानं आइस हॉकीच्या रिंकवरनं येताना गाडीतच खाल्लं, सीटवर अजून शेंगदाणे सापडतायत. इथं परवा उणे 18 होतं, हे आईला सांगू नका, परत स्वेटर विणायला बसेल. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र कळवा, नुसतं "बरं हाय" नको.

मागच्या रविवारी व्हिडीओ कॉलवर तुम्ही विचारलंत, पोरगं हॉकीत पुढं जाणार का नुसताच खुराक चाललाय, आणि मी "बघू" म्हणून विषय हळदीच्या भावावर नेला. तुम्ही ओळखलंच असणार. बारक्या शेजारीच बसला होता हो, मोबाईलमध्ये डोकं घालून, पण कान इकडंच. म्हणून आज सविस्तर लिहितोय, हे पत्र त्याला दाखवू नका म्हंजे झालं.

पहिली गोष्ट, तुम्ही दर वेळी विचारता गोल किती झाले. ह्या सीझनला 2. आणि त्यातला एक दुसऱ्याच्या पायाला लागून गेला. पण अण्णा, तुम्हाला आयुष्यभर कुणी विचारलं का, कबड्डीत उजव्या कोपऱ्याला खेळून चढाईचे गुण किती मिळवले? बारक्या डिफेन्समन आहे, म्हणजे तोच कोपरा. बर्फावर एका बाजूचे सहाजण, एक गोली म्हंजे गोलरक्षक, तीन फॉरवर्ड आणि मागं हे दोघं. मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, चारी बाजूंनी फळ्या, त्यामुळं चेंडू बाहेर गेला, आता जरा दम खाऊ, असलं काही नाही. चेंडू म्हणजे पक, रबराची चकती, वजन 170 ग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या मॅचला ती आधी गोठवून ठेवतात, उसळू नये म्हणून. एकेक जण चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन बसतो, लगेच दुसरा उतरतो, त्याला शिफ्ट म्हणतात. आई म्हणाली होती ना, सारखं बसवून का ठेवतात पोराला, तर त्याचं उत्तर हे.

आता ह्या कोपऱ्याची पारख कशी करायची, ते मला चार वर्षं समजत नव्हतं. मी आपला पक जाईल तिकडं मान फिरवायचो. आमच्या रिंकवर एक म्हातारा येतो, मूळचा हेलसिंकीचा, आयुष्यभर पोरं हेरायचं काम केलं, आता नातीचं स्केटिंग बघत कॉफी पीत बसतो. (हेलसिंकी म्हटल्यावर मी त्याला आधी आपले खाशाबा सांगितले, 1952, ब्राँझ, कराडजवळचं गोळेश्वर, सगळं. त्याला नाव माहीत नव्हतं, आता पाठ झालंय.) तर तो म्हणाला, पूर्ण एक पिरियड पककडं बघूच नको, पोराकडं बघ, पक त्याच्याजवळ नसतो तेव्हा तो काय करतो ते बघ. अण्णा, वीस मिनिटं पककडं न बघणं म्हंजे काय शिक्षा आहे तुम्हाला सांगू.

पण दिसायला लागलं. समोरचा पक घेऊन सुसाट अंगावर येतो तेव्हा हा उलटा पळत असतो, पाठ आपल्या गोलकडं आणि तोंड त्याच्याकडं, आणि दोघांत अंतर किती ठेवायचं ह्यातच सगळी गंमत आहे, त्याला इथं गॅप म्हणतात. लांब राहिलास तर तो आरामात शॉट मारतो, फार जवळ गेलास तर कट मारून बगलेतनं पसार. आपल्या हद्दीची निळी रेघ येईपर्यंत साधारण एका स्टिकचं अंतर उरलं पाहिजे, आणि त्याला मधल्या रस्त्यानं येऊ न देता फळीकडं ढकलत न्यायचं, तिथं जागा संपते. धडक मारायची गरजच पडत नाही बऱ्याचदा. आणि बघायचं कुठं, तर पककडं नाही, छातीकडं. पक आणि स्टिक फसवतात, छाती फसवत नाही. तुम्ही मला तालमीमागच्या मैदानात हेच सांगत होतात, चढाईवाल्याच्या हाताकडं बघू नको, कमरेकडं बघ. मी हाताकडंच बघायचो आणि तुमच्या शिव्या खायचो.

तर बारक्याचं प्रगतिपुस्तक. नजर चांगली आहे, हे मी बाप म्हणून नाही सांगत. कोपऱ्यात पडलेला पक आणायला पळताना मागं मान वळवून बघायचं असतं, कोण येतंय, आपला कोण मोकळा आहे, कारण पक हातात आल्यावर विचार करायला वेळ नसतो, मागनं पोतं पडावं तसं कुणीतरी अंगावर पडतं. मी वहीत लिहायला लागलोय. मागच्या मॅचला 14 वेळा गेला, त्यातल्या 11 वेळा आधी मागं बघितलं, काही वेळा दोनदा. आणि तिथनं पहिला पास कसा निघतो ते बघायचं. घाबरलेलं पोरगं काचेवर पक आदळून मोकळं होतं, ह्याचा पास बहुतेक वेळा पळणाऱ्या पोराच्या स्टिकवर जातो. लोक टाळ्या वाजवत नाहीत त्याला. तो म्हातारा मात्र कॉफीचा कप जरासा वर करतो.

पाय मात्र उशिरा जागे होतात. पहिली तीन पावलं जड. उलट्यावरनं सुलटं वळायचं असतं, त्याला पिव्हट म्हणतात, ते डावीकडं लोण्यासारखं आणि उजवीकडं वळताना जरा अडखळतो, आणि चांगल्या टीमांना हे दुसऱ्या पिरियडपर्यंत कळतं, मग सगळे तिकडनंच येतात. तिसऱ्या पिरियडला दमला की गॅप वाढतो. आणि चूक झाली की पुढची अख्खी शिफ्ट तोंड पाडून खेळतो, हे कुणाचं घेतलं ते मी लिहीत नाही, आईला विचारा.

म्हातारा म्हणतो पाय करता येतात, नजर करता येत नाही. मला आधी हे पटलं नाही, मग आठवलं, तुम्ही माझ्यावर पाच वर्षं घालवलीत. पटलं.

एक गोष्ट तुमच्यामुळं झालीय आणि तुम्हाला पत्ताच नाही. तो चार वर्षांचा असताना आम्ही सांगलीला आलो होतो तेव्हा तुम्ही अंगणात त्याच्या हातात बॅट दिली होती, डावा हात वर, उजवा खाली. पुढं त्यानं स्टिकपण तशीच धरली. इथली उजव्या हाताची पोरं बहुतेक उलटी धरतात, त्यामुळं उजव्या बाजूनं मारणारे डिफेन्समन कमी आणि स्काऊट, म्हंजे पोरं हेरणारे, त्यांना शोधत फिरतात. परवा एकजण मला विचारत होता, लहानपणी कुठल्या कोचनं हे ठरवून केलं. मी म्हटलं आहे एक, सांगलीत विश्रामबागला असतो.

उंचीचं विचारलं होतंत. आता 5 फूट 10, मामाकडं बघता अजून वाढेल. पूर्वी डिफेन्स म्हटला की खांब पाहिजे असायचा, झ्डेनो चारा म्हणून होता, 6 फूट 9. आता केल मकार, क्विन ह्यूजसारखे सहा फुटांच्या आतले सगळ्यात वर आहेत, पण त्यांचं स्केटिंग बघितलंत तर वाटतं ह्यांना चाकं लावलीत. म्हणजे बुटकं चालतं, पण बुटकं आणि संथ अजिबात नाही.

आणि ह्या जागेवरची पोरं उशिरा पिकतात, त्यामुळं भले भले फसलेत. एनएचएल म्हंजे इथली सगळ्यात मोठी लीग, तिच्या टीमा दर वर्षी नवी पोरं एकामागनं एक निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात चाराला 1996 मध्ये 56 व्या नंबरला घेतलं. निकलस लिडस्ट्रॉम 1989 मध्ये 53 वा, आणि त्यानं पुढं बेस्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी 7 वेळा घेतली. लेन हटसन परवाचाच, 2022 मध्ये 62 वा, लहान चणीचा म्हणून मागं ठेवला, आणि 2025 मध्ये वर्षातला बेस्ट नवा खेळाडू तोच. पण हे ऐकून आपले बापलोक काय करतात, हीच नावं एकमेकांना ऐकवतात आणि जी हजारो पोरं मागं राहिली ती मागंच राहिली त्यांची नावं कुणी घेत नाही. मीपण त्यातलाच. मागच्या उन्हाळ्यात एका कॅम्पवाल्याला पैसे भरले, तीन दिवसांनी छापील रिपोर्ट आला की मुलामध्ये प्रोफेशनल लेव्हलची क्षमता आहे. मी खूश. मग पार्किंगमध्ये कळलं, शेजारच्या गोलीलापण तेच वाक्य. बायको अजून ऐकवते.

जन्माचा महिनासुद्धा नडतो. इथं गट 1 जानेवारीला बदलतो आणि आपला नोव्हेंबर 2010 चा, म्हणजे जानेवारीवाल्या पोरांपेक्षा दहा महिन्यांनी लहान आणि पंधराव्या वर्षी दहा महिने म्हंजे मिशा असणं आणि नसणं. पण एनएचएलच्या ड्राफ्टला 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण लागतात, त्यामुळं त्याचा नंबर 2029 ला लागेल आणि तिथं तो सगळ्यात मोठ्यांतला. घ्या.

आता हिशेब. 32 टीम, 7 फेऱ्या, वर्षाला 224 पोरं, सगळ्या जगातनं. आणि मॅचला प्रत्येक टीमचे डिफेन्समन उतरतात 6, म्हणजे एका वेळी 192 जागा, बस्स. आपल्याकडची पोरं तिथं पोचलीच नाहीत असं नाही, रॉबिन बावा 1989 मध्येच खेळला, आणि हल्ली सरे गावचा अर्शदीप बैन्स, त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. दोघं पंजाबी, दोघं फॉरवर्ड.

माझं मत विचाराल तर एनएचएल मला आज दिसत नाही. ह्या वसंतात ओएचएलचा ड्राफ्ट आहे, सोळा ते वीसच्या पोरांची इथली मोठी लीग, त्यात खालच्या फेरीत कुणीतरी घेईल असं वाटतं, उजव्या हातासाठी तरी. पूर्वी तिथं खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, त्यामुळं पंधराव्या वर्षी एकच रस्ता निवडावा लागायचा. 2025 पासून तो नियम गेला. म्हणून ही आता म्हणते, पाठव, पण शिक्षणाचं लेखी घे. कॉलेजपर्यंत तो चांगला खेळेल एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढचं त्याचे पाय सांगतील, आणि ते अजून दोन-तीन वर्षं बोलणार नाहीत. तोपर्यंत गल्लीत कुणाला काही सांगू नका, मागच्या वेळी तुम्ही "कॅनडाच्या टीमात" म्हणालात आणि मला तीन फोन आले.

एक काम करा. ते तोंड पाडायचं आहे ना, त्यावर तुम्ही बोला त्याच्याशी. माझं ऐकत नाही. पकड सुटल्यावर पुढच्या चढाईला तुम्ही काय करायचा ते सांगा, मला कधीच सांगितलं नाहीत.

शनिवारी संध्याकाळी पाचला मॅच आहे, तिकडं पहाटेचे साडेतीन वाजतील. उठू नका. उठलातच तर लिंक आईच्या फोनवर टाकलीय, पांढऱ्या जर्सीतला 23 नंबर, आणि पककडं बघू नका.

तुमचा,
संजू