आधी आवाज समान करा, मग तुलना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या रीमास्टर केलेल्या (जुन्या टेपवरून नव्याने घडवलेल्या) आवृत्त्यांवर रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय घेतलात हे उत्तम. पण ‘नवी आवृत्ती जास्त जिवंत वाटते’ एवढ्यावर तुलना उरकली आहे. हा जिवंतपणा पुष्कळदा नुसता वाढवलेला आवाज असतो. दोन आवृत्त्यांत एखाद्या डेसिबलचाच फरक असेल, तर कानाला तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. १९९० नंतरच्या कित्येक सीडी तर पहिल्या पिढीतल्या सीडींपेक्षा त्याहून बऱ्याच वर चढवलेल्या आहेत.

व्हॉल्यूमचं बटण अंदाजाने फिरवून हा फरक जात नाही. दोन्ही सीडींवरून तोच ३० सेकंदांचा तुकडा संगणकावर घ्यावा आणि ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधल्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने दोन्ही उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं हे माप) आणावेत. पातळी त्याहून फार वर ठेवली तर जुन्या सीडीतले ड्रमचे ठोके कमाल मर्यादेला आपटून फाटतात. मग फूबार २००० या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी लावून, समोरचा ‘एक्स’ हा ‘ए’ की ‘बी’, हे न बघता १६ वेळा ओळखावं. १२ किंवा अधिक बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं धरायला हरकत नाही. आठ-नऊ आले तर तो छापा-काटाच. तुकडे अगदी एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत, नाहीतर आपण सुरुवातीवरून ओळखतो आणि श्रेय कानाला देतो.

असं केल्यावर बऱ्याच लाडक्या आवृत्त्या खाली येतात. ब्लू नोट या जॅझ कंपनीने १९९९ पासून काढलेल्या ‘आरव्हीजी एडिशन’ सीडी मूळ ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः २४ बिटमध्ये रीमास्टर केल्या, म्हणून त्या प्रमाण मानल्या जातात. पण पातळी समान केल्यावर अनेकींमध्ये ट्रम्पेट टोचरा आणि ड्रमचा ठोका दबलेला वाटतो. मूळ माणसाने केलं म्हणून ते मूळच्या जवळ गेलं, असं होत नाही.

एका बाबतीत मात्र रीमास्टरचा फायदा निर्विवाद आहे, आणि आपल्याकडच्या श्रोत्याला तो कोणत्याही खास उपकरणाशिवाय तपासता येतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम १९५९ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झाला. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना कित्येक वर्षं चढ्या सुरातच विकल्या गेल्या. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप वापरून ही चूक पुढे दुरुस्त झाली. १९९७ च्या सीडीत वेग बरोबर आहे. मोबाइलवरचा तानपुरा ए ४४० (ए हा सूर ४४० हर्ट्झला) धरून पांढरी दोनला लावा आणि पहिली रचना ‘सो व्हॉट’ हिची, पियानो-बासची संथ प्रस्तावना संपल्यावरची पहिली १६ आवर्तनं (चार मात्रांचं एक) त्यावर ऐका. स्वर आपल्या काफी थाटाचेच आहेत. पुढची आठ काळी दोनमध्ये जातात, शेवटची आठ पुन्हा खाली येतात. जुन्या प्रतीत षड्ज तानपुऱ्याला सतत वरून घासत राहतो. पियानोच मुळात चढा लावला असेल अशी शंका आली तर दुसऱ्या बाजूची ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचवर तपासावी. ती बाजू वेगळ्या दिवशी, बरोबर वेगाने भरलेली आहे. सवाई गंधर्वला तंबोरे जुळेपर्यंत शांत बसणाऱ्या पुण्याला हे अवघड जाऊ नये.

टेपची सरसर कमी करणं हा दुसरा घात. सरसर पुसताना तिच्याच पट्ट्यातली झांजेची लांबत जाणारी आस आणि ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशचा खरखरीत स्पर्शही पुसला जातो. रचना संपतानाचे शेवटचे पाच सेकंद हेडफोनवर ऐकावेत. झांज विरत न जाता मध्येच तुटली, तर सफाई जास्त झाली. ‘हाय-रेझ’ (सीडीहून बारीक तपशिलाची) म्हणून जास्त पैसे घेऊन विकलेली ९६ किलोहर्ट्झची फाइल स्पेक या प्रोग्रॅममध्ये उघडावी. २२ किलोहर्ट्झवर सरळ रेषेत सगळं कापलेलं दिसलं, तर बहुधा सीडीचीच फाइल फुगवलेली असते. टेपची सरसर तिथे अशी शिस्तीत थांबत नाही.

एलपीबद्दल थोडंच. युरोपात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले आहेत. त्यामुळे तिथून येणाऱ्या स्वस्त एलपी पुष्कळदा सीडीवरूनच कापलेल्या असतात. ‘१८० ग्रॅम’ हे वजन आहे, दर्जा नव्हे. आणि ‘डिजिटल म्हटलं की लगेच कळतं’ म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावं. मोबाइल फिडेलिटी या महागड्या रीमास्टर काढणाऱ्या कंपनीच्या अनेक एलपी बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता, हे तेव्हा कंपनीनेच मान्य केलं. तोवर जाणकारांनी त्यांची निखळ अॅनालॉग म्हणून तारीफच केली होती.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या परीक्षणात नुसतं ‘रीमास्टर्ड’ न छापता आवृत्तीचं वर्ष, कॅटलॉग क्रमांक, मास्टरिंग करणाऱ्याचं नाव आणि एलपी असेल तर लेबलशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक द्यावा. जुन्या बाजारात रविवारी एलपी चाळणाऱ्याला त्यातला शेवटचा क्रमांकच कामाला येतो, कारण कव्हर एकीचं आणि आत तबकडी दुसरीच, हा प्रकार तिथे नवा नाही.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे