चहा-खारीवर रात्र काढू नका

भांडुप, मुंबई
बुधवार, रात्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की आई "हो हो, करते" म्हणते आणि विषय नातीच्या शाळेवर नेते. म्हणून कागदावर लिहितोय. बाबांसाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वाचून झाल्यावर पत्र फ्रीजवर चिकटवा, गणपतीच्या फोटोखाली नको, तिथे हळदीकुंकू सांडून शाई जाते.

विषय तुमच्या रात्रीच्या जेवणाचा आहे. ताई येऊन गेली तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. दुपारचं उरलेलं असलं तर ते, नाहीतर चहा आणि खारी. "दोघांसाठी कुठे राबायचं" हे आईचं म्हणणं. बाबांची नवी कवळी आल्यापासून रविवारी मटण केलं तरी ते वाटीभर रस्सा पितात आणि फोडी गुपचूप आईच्या ताटात सरकवतात. बाबा, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. वय झालं की अंगातलं मांस झडत जातं, आणि ते टिकवायला खाण्यात प्रथिनं लागतात, उलट आधीपेक्षा जास्तच लागतात. रश्शातून ती फारशी मिळत नाहीत. खारीत तर मैदा आणि वनस्पती तूप याशिवाय काही नसतं.

तर मी सांगतोय खिमा सँडविच. नाक मुरडू नकोस आई, आधी वाच.

आमच्याकडे बुधवार आणि शुक्रवार हे माझे स्वयंपाकाचे वार. तुमच्या सुनेची त्या दिवशी दुपारपाळी असते, ती घरी पोचते तेव्हा बाराव्या मजल्यावरचे टीव्हीसुद्धा बंद झालेले असतात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, हा तुझा हिशोब आम्ही अजून पाळतो, त्यामुळे वशाटाला मधल्या वारांत हे दोनच उरतात. गाडीतून उतरलो की स्टेशनबाहेरच्या खाटकाकडून खिमा, पुढच्या बेकरीतून पाव, आणि वर आलो की लगेच गॅस.

ही कल्पना माझी नाही. ऑफिसातला वसईचा सहकारी डब्यात आणायचा, त्याच्याकडून घेतली. त्याची मावसबहीण अमेरिकेत असते, तिथे आठवड्याच्या रात्री घाईचं जेवण म्हणून घरोघरी हेच करतात: गोमांसाचा खिमा परतायचा, मसाला लावायचा, मऊ बनपावात भरायचा. आयोवा राज्यात मेड-राइट नावाचं दुकान १९२६ पासून नुसता मोकळा खिमा पावात घालून विकतंय. त्यात टोमॅटो सॉस, मोहरीची चटणी आणि थोडी साखर पडली की त्याला स्लॉपी जो म्हणतात. आई, तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो, इथे गाय पूर्वीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही बंद झाले, त्यामुळे तो म्हशीचं मांस वापरतो. त्यावर त्यांच्या घरचा बॉटल मसाला घालतो, उन्हाळ्यात कुटून बियरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरलेला. आपण बकऱ्याचंच करायचं आणि मसाला तुझाच घालायचा. तो डब्यातला वास आला ना, तेव्हा मला वाटलं की तुझ्या मसाल्याची ही सख्खी चुलत बहीण आहे.

बाबा, तुम्हाला तर यात नवीन काहीच नाही. फोर्टात नोकरी असताना पगाराच्या दिवशी तुम्ही इराण्याकडे खिमा पाव खाऊन यायचात आणि घरी येऊन "भूक नाही" म्हणायचात, हे आईला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. धोबीतलावचं कयानी, १९०४ सालचं, अजून चालू आहे. कुलाब्याच्या ऑलिम्पियात सकाळी खिमा पावासाठी अजून टेबल वाटून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा नेतो. फक्त कडक पाव मागू नका, कवळीचं काही खरं नाही. आणि तो तसाही पूर्वीचा राहील असं वाटत नाही: लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर जावं, असं उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. हवेसाठी ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण लाकडाच्या भट्टीतल्या पावाची ती साल, ती गॅसवर येत नाही ती नाहीच.

आता कृती. दोघांसाठी पाव किलो खिमा भरपूर झाला. मटणवाल्याला सांगा, खांद्याचा किंवा मांडीचा द्या आणि थोडी चरबी राहू द्या. तिकडे अमेरिकेत खिम्यात पाचवा हिस्सा चरबी धरतात, त्यामुळे त्यांना तेल लागत नाही आणि तो झटपट शिजतो. आपलं बकरं सुकं, चरबी अजिबात नसली तर खिमा वाळूसारखा होतो. तुमच्या समोर काढायला सांगा. सकाळपासून काढून ठेवलेला घेऊ नका. त्याचं मशीन बंद असेल तर ओंडक्यावर सुऱ्यानं बारीक करून देईल, तो उलट चवीला चांगला, पण बाबांसाठी मशीनचाच बरा.

आई, तू खिमा तीनतीनदा धुतेस. इथे मात्र माझं ऐक. धुतलेला खिमा पाणी धरून बसतो आणि मग कढईत परतला न जाता उकडतो. धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत एकदा धू आणि वरून दाबून पाणी पूर्ण काढ. मी धूतच नाही, शिजताना जे मरायचं ते मरतं.

लोखंडी कढई चांगली तापू दे. चमचाभर तेल, खिमा पसरून टाक, आणि मग हात आवर. ढवळायचा नाही. आपल्याला सवय असते घातलं की उलथनं फिरवायची. थोड्या वेळात खिम्याला पाणी सुटतं, सगळं राखाडी आणि कळकट दिसतं, वासही काही खास येत नाही. इथे घाबरून मसाला घालायचा मोह होतो, घालू नकोस. ते पाणी आटू दे. आटलं की कढईचा आवाज बदलतो: आधी नुसतं खदखदतं, मग एकदम चरचरायला लागतं. तिथून पुढे खिमा खरा भाजतो. तळाशी तपकिरी खरपूस थर धरतो, तो उलथन्याच्या कडेनं खरवडून वर घ्यायचा. सगळी चव त्या थरात. सुनबाई म्हणते की मी त्या वेळी कढईसमोर देवासमोर उभा राहतो तसा उभा असतो.

मग एक मोठा कांदा बारीक चिरून, आलं-लसूण, एक हिरवी मिरची. कांदा मऊ झाला की हळद, तुझा मसाला, जरा धणेपूड, एक टोमॅटो. सॉसच्या गोडीऐवजी गुळाचा सुपारीएवढा खडा. ही साखर-टोमॅटोची आंबटगोड चव त्या अमेरिकन सँडविचची, ती सोडू नका, मला आधी विचित्र वाटली होती आणि आता त्याशिवाय करवत नाही. मीठ मात्र रोजच्यापेक्षा निम्मं. पावात मीठ असतं, अमूल बटरमध्ये असतं, आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या मी विसरलेलो नाही.

इथून सगळं कुकरमध्ये, अर्धी वाटी पाणी आणि मध्यम आचेवर तीन शिट्या. मी आधी कढईतच झाकण ठेवून करायचो, पण बाबांसाठी कुकरच ठीक, चावायला लागू नये. वाफ जिरली की परत कढईत ओत आणि पाणी सुकव. कधी थांबायचं? कढईच्या तळावरून चमच्यानं रेघ ओढ. रेघेत रस परत भरून आला तर अजून ओला आहे. रेघ कोरडी उभी राहिली की गॅस बंद. ओला खिमा पोळीशी छान लागतो, पण पावात घातला की पावाचा लगदा होतो आणि बाबांच्या सदऱ्यावर नकाशा. वरून कोथिंबीर, अर्धं लिंबू, झालं.

मटार घालायचे तर घाला. मला खिम्यात मटार आवडत नाहीत, पण ते घर तुमचं आहे.

आता सँडविच. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत तो जुना टोस्टर असेल, गॅसवर धरायचा, लांब दांड्यांचा, काळ्या मुठीचा. आपल्या शाळेच्या डब्यांचा. तो काढा. आतून तेलाचा हात फिरवून एकदा रिकामा तापवा, गंज असेल तर चिंच-मिठानं घासा. इथे खाऊगल्लीतला सँडविचवाला आजही तसाच टोस्टर वापरतो, फक्त त्याच्या आत बटाटा, बीट आणि काकडी असते. साध्या स्लाइस ब्रेडला दोन्ही बाजूंनी बटर. आतल्या बाजूचं बटर चवीसाठी नाही, ते पावाला ओल लागू देत नाही, म्हणून आतूनही लावायचंच. एका स्लाइसवर पुदिन्या-कोथिंबिरीची घट्ट चटणी, दोन डाव खिमा, वर दुसरी स्लाइस, टोस्टर बंद. बाहेर आलेल्या कडा सुरीनं कापून टाका. आच मंद ठेवा आणि दोन्ही बाजू पालटत राहा.

या टोस्टरचा मी एवढा आग्रह का धरतोय तर त्यात कडा दाबून चिकटतात. लादी पावात भरलेला खिमा खाताना खालून निसटतो आणि बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो. ते बोलून दाखवत नाहीत, पण पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी खाली ठेवून बसतात, तेही ताईनं पाहिलं. चिकटलेलं सँडविच दोन तुकडे करून दिलं की एका हातात मावतं आणि सांडत नाही. कड फार कडक झाली तर दोन मिनिटं झाकून ठेवा, वाफेनं मऊ होते.

टोस्टर सापडलाच नाही तर ट्रंकेसाठी शिडीवर चढू नका, मी कुरिअरनं नवा पाठवतो. तोवर लादी पाव मधून कापून तव्यावर बटरमध्ये भाजा आणि वरून पातेल्यानं दाबा.

एक गोष्ट खिम्याच्या बाबतीत सांभाळायची. अख्ख्या मटणात जे काही जंतू असतात ते वरवर असतात, शिजताना पहिल्यांदा तेच मरतात. खिमा काढताना वरचं सगळं आत मिसळतं. त्यामुळे खिमा आत कुठेही गुलाबी राहता कामा नये, आणि बाहेर पडून राहता कामा नये. बाबा, तुम्ही चिपळुणात मटणाची पिशवी हातात घेऊन एसटी स्टँडवर ओळखीचे भेटले की उभे राहता. उन्हाळ्यात तासाभराच्या आत ते घरी फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. गप्पा आधी मारा, मटण नंतर घ्या. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. आणि पावसात तिकडे रात्र-रात्र लाइट नसते, तेव्हा साठवायच्या भानगडीत पडूच नका.

एरवी मात्र अर्धा किलोचा एकदम करून निम्मा डब्यात घालून फ्रीजरला टाकायला हरकत नाही. शुक्रवारी बाहेर काढायचा, कढईत चांगला वाफवायचा, पाव भाजायचा. कांदा चिरायलाही नको. चहा-खारीपेक्षा पाच मिनिटं जास्त लागतील, ती टीव्हीवरच्या जाहिरातींत निघून जातात.

श्रावणात आणि चतुर्थीला काय करायचं ते आईला मी काय सांगणार. पनीर कुस्करून हाच मसाला लावता येईल, बाबांना पनीर आवडत नाही हेही माहीत आहे.

नातीनं आज मला विचारलं की आजीला मसाल्याची बरणी परत कधी भरून पाठवायला सांगू. आमची तळाला लागली आहे. घाई नाही, पण कोणी मुंबईला येणारं असेल तर द्या, बरणीचं तोंड प्लास्टिकनं नीट बांधा, मागच्या वेळी तुतारी एक्स्प्रेसमधल्या सगळ्या डब्याला वास लागला होता.

शुक्रवारी रात्री साडेआठला फोन करेन. आई, तेव्हा "करते" नको, "केलं" हवं. आणि बाबा, तुम्ही किती तुकडे खाल्ले ते मी आईलाच विचारणार.

तुमचा,
धाकटा