मांडीवरून उचललं तेव्हा

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी चिंगीला तुझ्या मांडीवरून उचलून घेतलं. तू काही बोलला नाहीस, बॅग घेतलीस आणि निघून गेलास. बाबा म्हणाले, फोन कर. फोनवर मला रडूच येईल, म्हणून लिहितेय.

मांडीवर बसल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, पापा घेतल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. रक्तातून, वीर्यातून, योनीस्रावातून, आईच्या दुधातून होतो. मुलाला हे शब्द लिहिताना अडखळले, पण लिहिले. खरं सांगू? हे मला रविवारीही ठाऊक होतं. तरी हात पुढे गेला.

वसंतामामा न्यूमोनियाने गेला असं तुम्हा दोघांना सांगत आले. न्यूमोनिया होताच, पण त्याच्या मागे हे होतं. 1994 साल. त्याचं ताट मीच वेगळं ठेवायचे. एकदा म्हणाला, "ताई, कपाळ चेपून दे ना." मी हाताला रुमाल गुंडाळून चेपलं. त्याने डोळे उघडून रुमालाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. पुढे दोनच वर्षांत, 1996 मध्ये, तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. दोन वर्षं, सुमित.

तुझ्याकडे ते औषध आहे. रोजची एक गोळी. ती चुकवू नकोस. विषाणू मरत नाही, पेशींत दडून बसतो. गोळी थांबली की परत वाढतो, आणि घेत-सोडत राहिलं तर औषधालाच दाद देईनासा होतो. तू बरं वाटायला लागलं की औषध सोडणारा. टायफॉइडच्या वेळी उशीच्या खोळीत अकरा गोळ्या सापडल्या होत्या. तेव्हा सात वर्षांचा होतास आणि मी विचारल्यावर म्हणालास, उशीला ताप आलाय.

बघ, सुरू झालं माझं. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. रागावू नकोस. तपासणीला आपण होऊन गेलास, आणि आमच्याही आधी नेहाला सांगितलंस. वसंताला ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी तू समोर बसून बोलत होतास आणि मला भीतीइतकाच तुझा अभिमान वाटत होता. तेव्हा बोलले नाही, आता सांगतेय. डॉक्टर म्हणाले, व्हायरल लोड, म्हणजे एका मिलिलिटर रक्तातल्या विषाणूंचा आकडा, 200 च्या खाली येऊन सहा महिने टिकला, आणि गोळ्या सुरू राहिल्या, की शरीरसंबंधातून नेहाला लागण होणार नाही. पुढे मूलही होऊ शकेल. सगळं त्या एका गोळीवर. परत तेच लिहिलं.

चिंगी रोज विचारते, मामा गोष्ट अर्धी टाकून का गेला. कोल्हा विहिरीत पडलाय, तिथवरच झालीय म्हणे. मला पुढची येत नाही. ये आणि तिला मांडीवर घेऊन पुरी कर. मी समोर बसेन.

तुझी,
आई

ता. क. रात्री नऊचा गजर लावलास का? उत्तर नको देऊस. फक्त लाव.