आईच्या बांगड्या सांभाळून काढणाऱ्या नर्सताईंना

नर्सताई,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तरी मराठीतच लिहितेय, कारण न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात आई-वडिलांना बोलावून घेणाऱ्या घरांपर्यंत ते पोचायला हवं.

आई जिन्यात घसरली, मनगट टम्म सुजलं. आम्ही घाबरून आधी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. पैसे नाहीत म्हणून तिथे कुणाला तपासायचं नाकारता येत नाही, १९८६ पासून तसा कायदा आहे आणि तो चांगलाच आहे. पण बिलाला त्यात लगाम नाही. डॉक्टरांचं वेगळं, हॉस्पिटलचं वेगळं. साधारण किती होईल, असं विचारत राहिले. "बिल पोस्टाने येईल," एवढंच उत्तर. परदेशातून आलेल्या पाहुण्यांसाठी असतो तसा आईचा विमा होता, पण त्यात ठरलेल्या रकमेवरचं सगळं आमच्याच अंगावर येणार होतं. त्यात एक्स-रेसाठी हिरव्या बांगड्या फोडाव्या लागतील, हे तिच्याकडे न बघताच सांगितलं. आईने हात पदराआड घेतला, तो काही केल्या पुढे करेना.

मग आम्ही तुमच्या अर्जंट केअरमध्ये, म्हणजे जिवावर न बेतलेल्या दुखण्यांसाठीच्या दवाखान्यात आलो. तुम्ही आधी तिच्याशी बोललात. इंग्रजी येत नाही हे कळल्यावरही तिच्याकडेच बघत, मी मराठीत सांगेपर्यंत थांबत. मग जेली लावून एकेक बांगडी सरकवत आणलीत. ती कळवळली की थांबायचं, हात जरा उंच धरायचा, पुन्हा हळूच. सगळ्या अखंड निघाल्या. बाबा हयात असताना हातातली बांगडी फोडणं तिला किती लागलं असतं, हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. तुम्ही फक्त तिचा चेहरा बघितलात.

विमा नसलेल्याने किंवा तो न वापरणाऱ्याने विचारलं तर खर्चाचा अंदाज लेखी द्यायचा, असा नियम २०२२ पासून आहे. तुम्ही तो अंदाज आम्ही न मागताच हातात ठेवलात. बोटं बधिर झाली तर इथे न येता थेट इमर्जन्सीत जा, हेही बजावलंत. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर तिथेच जायचं, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावं. पण ताप, टाके, मुरगळलेला पाय यांसाठी परवडणारं दार जवळच असतं, हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणून परक्या मुलखात आई-वडिलांना बोलवायचा धीर होतो.

सांगलीला परत जायच्या आधी आईला तुम्हाला भेटायचंय. बेसनाचे लाडू वळायला मी मदत करणार आहे.