दांडियाचा पास कितीला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती उठले की मुंबईतल्या नवरात्र मंडळांच्या बैठका सुरू होतात. मूर्ती, मंडप, पोलीस परवानगी हे विषय पटापट मार्गी लागतात आणि गाडी अडते ती एकाच ठिकाणी: यंदा दांडियाचा पास कितीला ठेवायचा? विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका छोट्या मंडळाचा जमाखर्च मी बघते. नोकरीभर बँकेत रोखपाल होते, त्यामुळे पावती पुस्तक एकदा माझ्या हातात आलं ते माझ्याकडेच राहिलं. इतर मंडळांच्या खजिनदारांशीही माझं बोलणं होतं, आणि किंमत ठरवण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच ऐकू येते. कोणीतरी मोबाइल काढतो, जवळच्या मोठ्या मैदानावरचा दर वाचून दाखवतो आणि म्हणतो, "त्यांचा चारशे आहे ना, मग आपण साडेतीनशे करू." आपला खर्च किती, मैदानात माणसं किती मावतात, वसाहतीतल्या घरांना काय झेपतं, हे कोणी विचारत नाही. ही रीत चुकीची आहे. ज्यांच्या नावाने उत्सव भरवतो तीच माणसं तिच्यामुळे बांबूच्या पलीकडे उभी राहतात.

हिशेबाचंच आधी बोलते. दांडियाच्या रात्रीचा खर्च दार उघडण्याआधीच ठरलेला असतो. डेकोरेटर, साऊंडवाला, ढोलवाले, गायक, जनरेटर, मैदानाचं भाडं आणि अनामत, सफाईची मजुरी. दोनशे जण आले काय आणि चारशे आले काय, ही रक्कम जवळपास तेवढीच राहते. पाण्याचे जार आणि दारावरचे स्वयंसेवक वाढतात, इतकंच. समजा रात्रीचा खर्च ६० हजार रुपये आहे. ३०० रुपयांचे २०० पास विकून तो निघतो, तसाच १५० रुपयांचे ४०० पास विकूनही निघतो. गल्ल्यात पैसे तेवढेच, पण दुसऱ्या हिशेबात फेर भरलेला असतो, वडापावच्या गाडीवर गर्दी असते आणि आलेली घरं पुढच्या वर्षीही येतात. किंमत चढवायचं खरं कारण एकच असू शकतं, ते म्हणजे मैदान अपुरं पडणं. तिथेसुद्धा माझं मत असं की पासांची संख्या आधी जाहीर करावी आणि आधी येईल त्याला द्यावेत. बाहेर पडायच्या वाटा किती रुंद आहेत, यावर ती संख्या ठरावी.

मोठ्या मैदानांवर हल्ली सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे पास निघतात आणि छोटी मंडळंही तोच कित्ता गिरवू लागली आहेत. नाट्यगृहात पहिल्या रांगेचं तिकीट महाग असतं ते समजतं, तिथून नटाचा चेहरा दिसतो. गरब्यात पहिली रांग कुठली? मधोमध देवी किंवा छिद्रांच्या घटात तेवणारा दिवा, आणि भोवती फेर. नाचणाराच तिथे बघणारा असतो. आपण पैसे घेतो ते ज्यांच्यामुळे रात्र रंगते त्यांच्याचकडून. ते कमी आले तर महागडा गायकही मैदान उभं करू शकत नाही, हे कुठल्याही ढोलवाल्याला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आर्थिक आणि सामाजिक भेद पुसट करणारा नाच म्हणूनच तिथे त्याची नोंद आहे. आपल्याकडच्या भोंडल्यातही पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. त्या फेरात अमकीने पुढे आणि तमकीने मागे असं कधी नव्हतं. मग त्याच चौकात दांडिया भरवताना दोरी बांधून श्रीमंतांचा फेर वेगळा का करायचा?

पाचशे रुपयांचीही एक गोष्ट आहे. नाच, नाटक, संगीताचे कार्यक्रम यांच्या प्रवेशशुल्कावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. जानेवारी २०१८ च्या आधी ही मर्यादा २५० होती. साध्या माणसाच्या करमणुकीवर कराचा बोजा नको, म्हणून दिलेली ही सवलत. पण बैठकांत तिचा उलटाच अर्थ लावला जातो. "४९९ पर्यंत जाता येतं," असं म्हणत सगळे त्या आकड्याकडेच बघत बसतात. चार माणसांच्या घराला एका रात्रीचे दोन हजार होतात. आमच्या वसाहतीत पुनर्विकासाची वाट बघत भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत. त्यांनी हे पैसे कुठून आणायचे?

त्यात वेळेचा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं आणि नवरात्रातल्या दोन-तीन रात्रीच काय त्या तिच्यात बसतात. नियम योग्यच आहे. आमच्याकडेही आजारी माणसं आणि परीक्षेची मुलं आहेत. पण मग मंगळवारच्या पासला आणि अष्टमीच्या पासला एकच किंमत कशी? फोर्टातल्या ऑफिसातून सुटलेली मुलगी सीएसएमटीहून धीमी लोकल पकडून विक्रोळीला उतरते, घरी जाऊन कपडे बदलते आणि मैदानात पोहोचते तेव्हा पावणेनऊ वाजलेले असतात. तिच्या वाट्याला सव्वा तास येतो. आम्ही आडवारी नऊनंतर निम्मा दर ठेवला आहे. गल्ला बुडेल म्हणून कुरकुर झाली होती, तसं काही झालं नाही. नऊनंतर जे आले ते पूर्ण दरात आलेच नसते.

गेल्या नवरात्रात भाचीला घेऊन दुसऱ्या एका उपनगरात गेले होते. तिथे पासच्या टेबलापाशी माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. बरोबर दोन मुली, एकाच ताग्यातून घरी शिवलेल्या चनिया चोळ्या घातलेल्या, त्यावर टिकल्याही हातानेच लावलेल्या. बाईंनी दर विचारला, पर्समधल्या नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाल्या, "दोनच द्या, मुलींचे. मी बाहेर थांबते." मुली आत गेल्या. आई दहा वाजेपर्यंत बॅरिकेडच्या सळईला धरून बाहेर, आणि त्या मुली दर फेरीला तिच्या बाजूला आल्या की हात हलवायच्या. आत निम्मं मैदान मोकळं होतं. त्या बाईंना आत घ्यायला मंडळाचा एक रुपयाही खर्च झाला नसता. आल्या आल्या मी हा विषय आमच्या बैठकीत मांडला आणि बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर येणाऱ्या एका मोठ्या माणसाला पास लागणार नाही असा ठराव करून घेतला. खुर्चीवर बसून बघणाऱ्या आजी-आजोबांना तर आमच्याकडे कधीच पास नव्हता.

'मुलींना फुकट, कपलला सवलत, एकट्या मुलाला दुप्पट' ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. गर्दी खेचण्यासाठी मुलींना फुकट बोलावणं हा त्यांचा अपमान आहे. आणि वसाहतीतली पाच-सहा मुलं मिळून रासाचा सराव करतात, त्यांना केवळ मुलगे म्हणून दारावर अडवायचं? छेडछाड किंमत वाढवून थांबत नाही. ज्याला त्रासच द्यायचा आहे तो हजार रुपयेही मोजतो. दारावर वसाहतीतल्या ओळखीच्या बायका उभ्या करा, मैदानात महिला स्वयंसेवक फिरत्या ठेवा, पोलीस ठाण्याला आधी कळवा. आम्हाला एवढ्याचा उपयोग झाला आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सगळंच फुकट करा. तेही मला पटत नाही. साऊंडवाल्याच्या पोरांना आणि ढोलवाल्यांना त्यांचे पैसे त्याच रात्री मिळाले पाहिजेत. तिथे घासाघीस करून स्वस्ताई आणू नये. ते पैसे कोणीतरी भरणारच. पासातून आले नाहीत तर बॅनरवाल्याकडून येतात आणि मग आरतीच्या आधी अर्धा तास त्याची भाषणं ऐकावी लागतात. छोटी, सगळ्यांना परवडेल अशी रक्कम प्रत्येकाने दिली की उत्सव कोणाच्या मेहेरबानीचा राहत नाही. १९२६ साली दादरला प्रबोधनकार ठाकरे यांनी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, तो देवीपुढे सगळ्या जातींना जागा मिळावी म्हणून. ती जागा पासाच्या किमतीने आक्रसू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

मंडळांनी दोन हिशेब वेगळे ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. वर्गणी लोक देवीसाठी देतात. ती गोळा करायला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते आणि तिचा हिशेबही द्यावा लागतो. त्या पैशातून ऑर्केस्ट्राची बिदागी जाऊ नये. दांडियाचा खर्च दांडियाच्या पासातून निघावा, आणि वर उरलं तर ते कशावर खर्च झालं हे मंडपातल्या फळ्यावर लिहावं. फुकट पासांचीही नोंद करा. देणगीदार, नेते, त्यांचे पाहुणे यांना गठ्ठ्याने पास जातात आणि त्यातले कित्येक येतही नाहीत. आम्ही प्रत्येक मोफत पास नावानिशी आणि किमतीसकट वहीत लिहितो. ते सुरू केल्यापासून मागणारे कमी झाले आणि विकायला पास जास्त उरले.

पास छापायला टाकण्याआधी खर्चाचा अंदाज आणि मैदानाची क्षमता सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावा, आणि ज्या बैठकीत दर ठरतो तिला नाचणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आयांना बोलवा. बैठक रविवारी सकाळी ठेवा, रात्री साडेदहाला ठेवली तर बायकांना येता येत नाही.

आपली,
एका नवरात्र मंडळाची खजिनदार,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई